आम्ही नॉट रिचेबल

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. महाराष्ट्राच्या इतिहासात ही तारीख पहाटेच्या शपथविधीची म्हणून नोंदली गेली आहे. आमच्या घरात ती माझ्या नामुष्कीची म्हणून ओळखली जाते.

२४ ऑक्टोबरला विधानसभेचे निकाल लागले, तेव्हा मी टीव्हीसमोर जो बसलो तो उठलोच नाही. मधे दिवाळी येऊन गेली. अभ्यंगस्नान मी जाहिरातींच्या वेळात उरकलं. कोणाची गाडी कोणाच्या बंगल्यात शिरली, किती वेळ आत होती आणि बाहेर येताना काच वर होती की खाली, हे सगळं मला तोंडपाठ होतं. शुक्रवारी रात्री एकदाचं ठरलं. मुख्यमंत्र्याच्या नावावर एकमत झाल्याचं सांगितलं गेलं, मी साडेबाराला टीव्ही बंद केला आणि महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपलो.

सकाळी उशिरा जाग आली. दारात फुलपुडीवाला.

"काका, शपथ झाली की!"

"कोणाची?"

त्यानं सांगितलं. मी हसलो. अज्ञानी माणसाकडे बघून हसतात तसा. कडीला अडकवलेला पेपर काढला आणि पहिलं पान त्याच्यासमोर धरलं. त्यानं पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कालचा आहे का, काका?"

पेपर आजचाच होता. बातमी मात्र तो छापून दारात पडेपर्यंत उलटली होती. एक महिना मी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला आणि ज्या सकाळी चोर आला त्या सकाळी मी घोरत होतो. ते सरकार पुढे ऐंशी तास टिकलं. त्यातला पहिला तास मी, हे खरं असूच शकत नाही, असं फुलपुडीवाल्याला समजावण्यात घालवला.

माणसानं यातून काही शिकायला हवं होतं. मी शिकलो. मी मोठा टीव्ही घेतला. जुन्या टीव्हीवर खालची पट्टी नीट वाचता येत नव्हती, म्हणून हा घोटाळा झाला, असं माझं निदान होतं.

*

असा मी मुळात नव्हतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या ठाण्यातल्या चाळीत टीव्ही यायला त्यानंतरही काही वर्षं गेली. तो आला तोच लाकडी शटर आणि वर क्रोशाचा रुमाल घेऊन, एखाद्या सोवळ्यातल्या देवासारखा. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे ही मंडळी संध्याकाळी बातम्या वाचत. वाचत म्हणजे वाचतच; बातमीच्या अंगावर धावून जात नसत. पूर आला की धरणाचं उद्घाटन झालं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखू येत नसे. त्यासाठी ऐकावं लागे. स्मिता पाटील म्हणे जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत. पण टेबलाच्या वरच्या अंगाला सारं कसं शांत असे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणी पुण्याहून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत, आणि त्या आवाजावर कित्येक घरांत डबे भरले जात.

आणि आज सांगितलं तर खोटं वाटेल, पण बातम्या संपत. शेवटी नमस्कार व्हायचा. तो झाला की देशात आज जे काही व्हायचं ते होऊन गेलं, आता जेवायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. वडील उठायचे, पानं घेतली जायची आणि 'गजरा' हा कार्यक्रम कधी आहे यावर चर्चा व्हायची.

२००७ मध्ये मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या. महाराष्ट्रात रोज घडणाऱ्या गोष्टी मात्र पूर्वी होत्या तेवढ्याच राहिल्या. पाहुणे वाढले आणि डाळ तेवढीच असली की गृहिणी काय करते, हे आपल्याला ठाऊक आहे. तेच इथे झालं. फरक एवढाच, की गृहिणी वाढताना "ब्रेकिंग आमटी" असं ओरडत नाही.

पेपरचं तसं नव्हतं. पेपरची निदान रद्दी होते. फडताळात अंथरता येतो, काच पुसता येते, पोळ्यांच्या डब्यात घालता येतो. टीव्हीवरची बातमी शिळी झाली की तिचं काहीच करता येत नाही. ती डोक्यात साठते आणि तोंडावाटे बाहेर पडते.

माझं तेच झालं. आधी भाषा गेली. हिनं विचारायचं, "अहो, भाजी काय आणलीत?" आणि मी सांगायचं, "या ठिकाणी मंडईमध्ये भेंडी असल्याचं पाहायला मिळत होतं. मात्र संध्याकाळपर्यंत दर उतरणार का, हे पाहणं औत्सुक्याचं ठरणार आहे." म्हणजे पिशवी रिकामी. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तर मी उभा राहून "नेमकं काय घडलं होतं त्या दुपारी?" असं विचारलं. टाकी साफ झाली होती, एवढंच घडलं होतं. पण सेक्रेटरींना घाम फुटला आणि त्यांनी आपण होऊन राजीनामा दिला.

कडेलोट झाला तो २०२४ च्या जूनमध्ये. लोकसभेचे निकाल नुकतेच लागून गेले होते आणि मी अजून त्या धुंदीत होतो. नाशिकहून मुलीचा फोन आला. "बाबा, आई कशी आहे?" मी म्हणालो, "प्रकृती स्थिर आहे, मात्र पुढचे अठ्ठेचाळीस तास महत्त्वाचे."

हिला सर्दी झाली होती.

मुलगी रात्री दीड वाजता एसटीनं येऊन दारात उभी राहिली. मायलेकींचं स्वयंपाकघरात बराच वेळ बोलणं चाललं होतं. बैठकीचा तपशील बाहेर आला नाही. सकाळी उठून पाहतो तो रिमोटमधले सेल गायब. हिनं ते भिंतीवरच्या घड्याळात घातले होते. ते घड्याळ वर्षभर बंदच होतं. इतक्या दिवसांनी आमच्या घरात वेळ पुढे सरकू लागली.

"आणि हे घ्या," म्हणत हिनं एक फॉर्म पुढे केला. शासनमान्य 'ब' वर्ग वाचनालय, अनामत पाचशे, वर्गणी महिना साठ रुपये. "केबलचे एकशे तीस आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे निम्म्याहून कमीत पडतंय. आणि तिथे कोणी ओरडत नाही."

*

हे वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली पोळीभाजी केंद्र. त्यामुळे संत साहित्य असो की विज्ञानकथा, आमच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाला लसणाच्या फोडणीचा वास येतो. दारात 'शांतता राखा' ही पाटी. मी तिच्यापुढे जरा वेळ उभाच राहिलो. गेल्या सतरा वर्षांत मला ही विनंती कोणी केली नव्हती.

ग्रंथपाल बाईंनी फॉर्म घेतला. "आवड काय? कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन?"

"ताजं काय आहे?" मी विचारलं.

"ताजं खाली मिळतं," बाई म्हणाल्या, "इथे टिकाऊ."

वाचनालयात जाऊन बातम्यांपासून सुटका होते, हा एक गैरसमज आहे. पहिल्या दालनात मोफत वाचन कक्ष असतो आणि तिथे माझ्यासारखेच रोगी असतात. आमच्या कक्षात पाच निवृत्त गृहस्थ एकच पेपर पानं सुटी करून वाचतात. पहिल्या पानावरची बातमी सातव्यावर पुढे चालू असते, आणि सातवं पान ज्यांच्या हातात असतं ते गृहस्थ कोडं सोडवत असतात. त्यावरून जी चर्चा होते तिला सूत्रसंचालक नसतो, एवढाच फरक. पहिला आठवडा मी तिथेच काढला आणि वाचनालयात जातो म्हणून घरी कौतुकही करून घेतलं. शेवटी बाईंनी मला दंडाला धरून, म्हणजे अगदी खऱ्या अर्थानं धरून, कपाटांकडे नेलं.

मी त्यांना सुनावलं, की समाजाला बातमी ही पहिली गरज आहे, पुस्तकं नंतरची. त्या म्हणाल्या, "मराठीतलं पहिलं वृत्तपत्र कधी निघालं?"

हे मला येत होतं. "बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', ६ जानेवारी १८३२."

"आणि रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं आहे. चार वर्षं आधीचं. बसा आता."

बसलो. मनात आलं, रत्नागिरीकरांनी ती चार वर्षं बातमीवाचून कशी काढली असतील? मग लक्षात आलं, कोकणात बातमी पोचायला वर्तमानपत्र लागतं असं कोण म्हणतं? विहीर असली की पुरे.

पहिले काही दिवस हात रिमोट शोधायचा. दर सात-आठ पानांनी आपोआप उठून स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडायचो. शरीराला वाटायचं ब्रेक आहे. नजर पानाच्या तळाशी जायची, तिथे काही सरकत नसे. म्हणून मुद्दाम तळटीपांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. वर लेखक एक सांगतोय, खाली बारीक अक्षरात तिसरंच काही चाललंय. दोन दिवस अगदी घरी असल्यासारखं वाटलं. पण तळटीप सरकत नाही, आणि मुख्य म्हणजे ती खरी असते. त्यामुळे मजा येईना.

मग रहस्यकथा आणली. तिच्यात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीनं समासात प्रतिक्रिया दिल्या होत्या. नवव्या पानावर, 'डॉक्टरवर लक्ष ठेवा.' त्याच्या खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, 'चूक. मी वाचले आहे.' एकविसाव्या पानावर तिसऱ्यानं उडी घेतली होती, 'दोघेही गप्प बसा.' आणि चाळिसाव्या पानावर सुबक अक्षरात, 'भाचा.' सूत्रांची माहिती खरी निघाल्याचा अनुभव मला आयुष्यात पहिल्यांदाच आला.

*

पानिपतावर वाचताना मात्र मी थबकलो. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना हे कळलं दहा-एक दिवसांनी, वाटेत हाती लागलेल्या एका सावकारी पत्रातून. पत्रात पराभव हा शब्दच नव्हता. दोन मोती गळाले, काही मोहरा हरवल्या, चांदी-तांबं किती गेलं त्याचा हिशेब नाही, अशा अर्थाचा सांकेतिक मजकूर. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवराव भाऊ. एका ओळीत एक अख्खी पिढी.

जुनी खोड जाता जाईना. ती ओळ आज एखाद्या वाहिनीच्या हाती लागली असती तर, असं मनात आलंच. सर्वांत मोठी बातमी, मोती गळाले! पडद्यावर आठ चौकोन. मोती नेमके कोणाचे? गळाले की गाळले? आपल्यासोबत सराफ बाजारातून आमचे प्रतिनिधी आहेत, तिथे काय चित्र पाहायला मिळतंय? मोत्यांचे भाव वधारणार का? आणि अर्ध्या तासाच्या भांडणात एकालाही हे सुचलं नसतं, की त्या ओळीत कोणीतरी रडतंय.

मी पुस्तक मिटलं. ते मिटता येतं आणि मिटल्यावर आतलं माणूस ओरडत राहत नाही, हेही तेव्हाच जाणवलं.

त्या दिवशी बाईंनी मला गोडसे भटजी दिले. "तुम्हाला वार्ताहर आवडतात ना? हा घ्या घटनास्थळावरचा."

'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कळलं म्हणून काकांबरोबर पायी निघाले. साल १८५७. म्हणजे निघायला पंचांगातला यच्चयावत मुहूर्त चुकलेला. वाटेत कळलं की शिपाई उठणार आहेत. परत फिरायचं सोडून हे पुढे गेले आणि पोचले कुठे, तर झाशीत. इंग्रजांचा वेढा पडला, तोफा सुरू झाल्या, शहर पडलं, लूट झाली, आणि हा वरसईचा भिक्षुक ते सगळं उघड्या डोळ्यांनी पाहत होता. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी युद्धातून आलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटते. देशातल्या कुठल्याही वाहिनीनं ज्याच्यासाठी तिन्ही त्रिकाळ नवस बोलावा, असा हा प्रसंग. आणि भटजींच्या हातात बूम नाही, पाण्याचं भांडं आहे.

मिळवलेले पैसे पुन्हापुन्हा लुटले गेले. तरीही गृहस्थ आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आला. आणि मग? मग काही नाही. वरसईत भिक्षुकी करत राहिला. पंचवीसेक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांनी लिहायला सांगितलं तेव्हा लिहिलं. तेही इंग्रजांच्या भीतीनं आपण हयात असेतो छापू नका या बोलीवर. पुस्तक निघालं १९०७ मध्ये. १८५७ ची बातमी, पन्नास वर्षांनी.

मी हिशेब केला. मी एक महिना शपथविधीवर पहारा देत होतो आणि अर्ध्या तासानं चुकलो, म्हणून पाच वर्षं जिवाला लावून घेतलं. या माणसानं शतकातली सर्वांत मोठी बातमी पन्नास वर्षं उशिरा दिली, आणि ती मी आणखी शंभराहून अधिक वर्षांनी, खाली लसणाची फोडणी बसत असताना, श्वास रोखून वाचत होतो. झाशीच्या वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, त्याबद्दल भटजी हळहळतात. माणसं मरत असताना, स्वतःच्या अंगावरचं जात असताना, पोथ्या गेल्या म्हणून या माणसाचा जीव तुटतो. त्या पानापाशी मी कपाटांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा वाचनालयात पायातल्या चपलांचा आवाज न करता चाललो.

त्याच तंद्रीत खाली उतरलो. टपरीवर शेजारचे नाना चहा घेत होते.

"काय, चेहरा उतरलाय?"

"नाना," मी म्हणालो, "झाशी पडली."

नानांनी कप खाली ठेवला. "कधी? सीट कोणाची होती?"

मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. वेढा, तोफा, लूट, विहीर. पाऊण तास. नाना मधे एकदाही बोलले नाहीत. पूर्वी हेच नाना माझी सूत्रांची माहिती दोन मिनिटांत तोडून स्वतःची सूत्रं काढायचे. चहा निवला. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "कावड पोचली का हो घरी?"

"पोचली."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि चहाचे पैसे त्यांनी दिले. हेही पहिल्यांदाच.

हिला मात्र फारसा फरक पडलेला नाही. तिचं म्हणणं, आजार तोच आहे, फक्त साल बदललंय. पूर्वी मी जेवताना आजची भांडणं सांगायचो, आता अठराव्या शतकातली सांगतो. "पण तेव्हाची माणसं निदान एका वेळी एकच बोलायची," असंही परवा म्हणाली, आणि पोळी वाढली.

*

आणि मग पुन्हा २३ नोव्हेंबर आला. २०२४. पुन्हा शनिवार, पुन्हा विधानसभेचे निकाल. नियतीला योगायोगाची हौस असते ती अशी. सकाळी आठला मोजणी सुरू होणार होती. साडेसातला मी घड्याळाकडे पाहत होतो. घड्याळाकडे म्हणजे त्याच्या आतल्या सेलांकडे. ही काही बोलली नाही. तिनं नुसता चहा ठेवला आणि शेजारी स्टूल आणून ठेवलं. पाहिजे तर चढा, काढा सेल. अशा वेळी बायका अडवत नाहीत. म्हणून तर चढता येत नाही.

मी भटजी दुसऱ्यांदा आणले होते. दार लावून बसलो. फोन आतल्या खोलीत, बंद. आमदार मंडळी होतात त्याच अर्थानं मी दिवसभर नॉट रिचेबल होतो. फक्त मला कोणी शोधत नव्हतं. दुपारी चौकात फटाके वाजले. कोणाचे, ते आवाजावरून कळत नाही. फटाक्यांना अजून पक्ष नाहीत. संध्याकाळी गुलालाचा एक ढग गॅलरीत आला आणि उघड्या पानावर बसला. मी तो फुंकून टाकला. वाचनालयाचं पुस्तक होतं.

रविवारी सकाळी दार वाजलं. फुलपुडीवाला. तोच. केस थोडे पिकलेले.

"काका, निकाल कळला ना?"

"नाही रे. सांग."

त्यानं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग पुडी कडीला अडकवता अडकवता सगळं सांगितलं. कोण आलं, कोण पडलं, कोणाला किती. पुडीचा दोरा गुंडाळून व्हायच्या आत राज्याचा निकाल सांगून झाला होता. पाच वर्षांपूर्वी महिनाभर जागून बातमी मला याच्याकडूनच कळली होती. यंदा दिवसभर तोंड फिरवून बसलो, तरी याच्याकडूनच कळली.

"आणि काका, या वेळी पेपर नाही दाखवला?" जाता जाता तो म्हणाला.

देवाला फुलं वाहून झाल्यावर पुडीचा कागद हातात राहिला. जुन्या पेपरचा तुकडा, शेवंतीच्या पाण्यानं ओला झालेला. वरचा अर्धा मथळा फाटून गेला होता, खाली एवढंच उरलं होतं: 'पाहणे औत्सुक्याचे ठरणार आहे'. मी तो घड्याळाखाली वाळत ठेवला. दुपारी घडी घालून भटजींच्या पुस्तकात खूण म्हणून घातला, जिथे खांद्यावर कावड आहे आणि वरसई अजून लांब आहे.